छत्रीला हार

"बाई, तुमचं इंटरनेट मेलं," पलीकडून आवाज आला.

"कुठून बोलताय?"

"दवाखान्यातून."

"कुठल्या दवाखान्यातून?"

"टेंबरूढाण्याच्या. आनखी कुठला?"

जगात दुसरा दवाखानाच नाही अशा थाटात तो माणूस बोलत होता. मी भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे पाहिलं. राज्यातल्या आडरानात असलेल्या दोनशे चाळीस सरकारी जागांचे दोनशे चाळीस ठिपके त्यावर होते. आरोग्य केंद्रं, वनखात्याची नाकी, असं सगळं. जिथे मोबाइलचा टॉवर पोचला नव्हता तिथे आमची कंपनी गच्चीवर छत्री बसवून थेट उपग्रहावरून इंटरनेट देत असे. मेळघाटातला एक ठिपका लाल होता. सकाळी आठ वाजून बारा मिनिटांपासून लाल, आणि आता साडेदहा झाले होते.

माझ्या कीबोर्डवर झेंडूचं फूल होतं. ते बाजूला सरकवून मी तक्रार टाइप करायला घेतली.

ही दोन हजार अकरा सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या त्या कंपनीत फोनवरून बिघाड दुरुस्त करायच्या कामावर लागून मला सात महिने झाले होते. सात महिन्यांत मला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत झालेली होती. स्वभाव तेव्हा जरा तिखटच होता. आता तसा राहिला नाही असं मी म्हणते, नवरा म्हणत नाही.

टेबलावर काचेखाली चौदा प्रश्नांचा एक कागद होता. फोन आला की ते प्रश्न ओळीनं विचारायचे, बिघाड सापडतोच, असं आमचे शिफ्टप्रमुख कुरेशीसर सांगत. मी सुरुवात केली.

"आपलं नाव?"

"गुलाबराव धांडे. शिपाई हावो मी इथचा. बावीस वर्सं झाली."

"पाऊस चालू आहे का तिकडे? ढग?"

"नाई. लख्ख ऊन हाये."

"वीज आहे?"

"वीज नाई, ते नसतेच. पन ब्याटऱ्या हायेत. त्याच्यावर सारं चालते."

"छत्रीवर काही पडलंय का? फांदी वगैरे? कोणी वायर ओढली, कोणी काही केलं?"

"कोनी काई नाई केलं बाप्पा. सकायपासून इथी मी एकटाच. डॉक्टरसाहेब धारनीले मीटिंगले गेले. सिस्टरबाई वाडीवर लसी द्याले गेल्त्या, त्या आता आल्या."

"माकडं?"

"माकडं हायेत. पन दवाखान्यावर येत नाईत. मले भेतात."

मी 'माकडं नाहीत' असं लिहिलं. तेवढ्यात पलीकडे फोनची ओढाताण झाल्यासारखा आवाज आला आणि एक बाई बोलू लागल्या.

"मॅडम, मी ज्योत्स्ना वानखडे, इथली सिस्टर. एक सांगू का? तुमच्या प्रश्नांच्या आधी सांगते. आज पाचपर्यंत माझा अर्ज जायला पाहिजे, नाही तर दोन वर्षं गेली माझी."

"कसला अर्ज?"

"पती-पत्नी एकत्रीकरणाचा. मिस्टर अकोल्याला आहेत, सरकारी दवाखान्यातच, रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये. मी इथं तीन वर्षं झाली. दोघांना एका ठिकाणी आणायचे अर्ज दोन वर्षांतून एकदाच घेतात. त्यांचा अर्ज परवाच गेला. माझ्या कागदावर डॉक्टरांची सही काल संध्याकाळी झाली. आज सकाळी टाकू म्हटलं, तर हे असं."

"धारणीला जाऊन टाकता येणार नाही?"

"खात्याची साइट आमच्या कॉम्प्युटरवरूनच उघडते ना. व्हीपीएन आहे. आणि बस सकाळी सातलाच गेली."

इंटरनेट हा रस्ता धरला तर व्हीपीएन म्हणजे त्या रस्त्यावरून धावणारी खात्याची बंद गाडी. ओळखपत्र असलेल्यांनाच आत घेणार, आणि टेंबरूढाण्याचं ओळखपत्र टेंबरूढाण्याच्याच डब्यात ठेवलेलं.

"मुलंबाळं?" मी विचारलं. हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता.

"एक मुलगी. पूर्वा. चार वर्षांची. तिच्या बाबांजवळ आणि आजीजवळ असते अकोल्याला. तिला कोणी विचारलं ना, आई कुठं आहे, तर ती फोनकडे बोट दाखवते."

मी फुलाकडे बघत बसले. मग म्हणाले, "सिस्टर, पाच वाजायला साडेसहा तास आहेत. आज तुमची तिथून सुटका करून देते."

त्या हसल्या. "आधी अर्ज तर जाऊ द्या."

त्या दिवशी दुसरा फोन घ्यायचा नाही असं मी ठरवलं. कुरेशीसरांना तसं सांगितलं. ते पेढ्यांचा पुडा घेऊन टेबलाटेबलावर फिरत होते. दर खंडेनवमीला सर्व्हरच्या कपाटांची पूजा व्हायची आणि मार्केट यार्डातून झेंडू ते स्वतः आणायचे, त्यात कोणाची ढवळाढवळ त्यांना चालत नसे. "बघ," ते म्हणाले, "पण प्रश्न सगळे विचार. मधला गाळू नकोस."

मी मधला गाळला नाही. फोन दवाखान्याच्या पुढच्या खोलीत होता, इंटरनेटचा डबा आतल्या खोलीत. मी सिस्टरांना विचारायचं, सिस्टरांनी धांडेंना हाक मारायची, धांडेंनी आत जाऊन बघायचं आणि तिथून ओरडून सांगायचं, असा आमचा कारभार सुरू झाला. धांडेंना दर वेळी बाहेरून बोलवावं लागे.

"ते करतात काय बाहेर?" मी चिडून विचारलं.

"शेजारची क्वाटर रिकामी आहे, तिला चुना मारून राहिलेत."

"आज?"

"दसऱ्याचं," सिस्टर म्हणाल्या.

डब्यावर चार दिवे होते. पहिले दोन हिरवे. तिसरा लुकलुकत होता.

"एक डोया मिचकावून राह्यला," आतून धांडेंचा आवाज आला.

तिसरा दिवा लुकलुकतो याचा अर्थ डबा उपग्रह शोधतोय आणि तो सापडत नाहीये. मी डबा बंद करून चालू करायला सांगितला. मग दोन मिनिटं बंद ठेवून चालू करायला सांगितला. मग मागची वायर पिरगाळून घट्ट बसवायला सांगितली. मग दुसरी वायर. धांडेंचे हात चुन्याचे होते, ते धुऊन येईपर्यंत दहा मिनिटं गेली. मध्ये फोन दोनदा कटला आणि एकदा लागला तेव्हा लाइनवर कोणी तरी जावयाच्या पाहुणचाराबद्दल बोलत होतं. अमरावतीच्या आमच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला की आज निघालो तरी पोचेपर्यंत अंधार होईल. एक वाजला. डोळा मिचकावतच होता.

मी जेवणाचा डबा उघडलाही नाही. इंटरनेटच्या डब्याची बाजू तपासून संपली होती. उरली होती छत्री. पण छत्रीबद्दल सकाळीच विचारलेलं होतं. पाऊस नाही, फांदी नाही, माकड नाही. दोन वाजता मी सिस्टरांना सांगितलं, "धांडेंना शिडीनं वर पाठवा. छत्रीसमोर काय दिसतं ते विचारा."

सिस्टर दारात जाऊन ओरडल्या. मग परत आल्या. "आभाळ दिसतं म्हणतात."

"आणखी काही?"

"एक घार."

"बरं. आता छत्रीवरच काय आहे ते वरपासून खालपर्यंत सांगायला सांगा. एकही गोष्ट सोडायची नाही."

बराच वेळ दुरून ओरडाआरडा ऐकू येत राहिला. सिस्टर आल्या. "वर थोडा गंज आहे. मधे हळदकुंकू. खाली नटबोल्ट..."

"थांबा. हळदकुंकू कसलं?"

"पूजेचं."

"कधीची पूजा?"

त्या पुन्हा दारात गेल्या. या वेळी परत यायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. "आज सकाळची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी लसीकरणाला निघाले, त्यानंतरची. मॅडम, आज खंडेनवमी आहे ना."

मी कीबोर्डशेजारच्या फुलाकडे पाहिलं. "हार आहे का?"

"आहे."

"कुठे?"

"त्या पुढच्या सोंडेला."

मी डोळे मिटले. छत्रीचं काम एवढंच की आभाळातून आलेलं सगळं गोळा करून पुढच्या सोंडेच्या टोकाला असलेल्या तोंडात द्यायचं. त्या तोंडावर टेंबरूढाण्याच्या शिपायानं टपोऱ्या ओल्या झेंडूचा तिपदरी हार गुंडाळला होता. छत्रीसमोर निरभ्र आकाश आणि तोंडात बोळा.

"धांडेंना फोनवर द्या," मी म्हणाले.

ते धापा टाकत आले. "बोला बाई."

"सकाळी मी तुम्हाला काय विचारलं होतं? कोणी काही केलंय का, असंच विचारलं ना?"

"हाव."

"मग?"

"मंग पूजा केली. पूजेनं कदी काही बिघडते काय?"

"बंदही केलं होतंत?"

"सारंच बंद केलं. छत्री धुतली, दोनी डबे पुसले, नारळ फोडला, घंटाभर आराम देला. तीन वर्सं झाली त्याईले, एक मिनिट डोयाले डोया नाई. आज नांगराले आराम देते मानूस, इय्याले-कोयत्याले देते. याईलेच काहून नाई?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. बिघाड सापडला होता, हार काढा म्हणायचं, संपलं. पण चार तास मी त्या माणसाला वायरी पिरगाळायला लावत होते, पोटात कावळे ओरडत होते आणि डोक्यात एक गोष्ट शिरली होती. तीन वर्षं ज्या सिस्टरच्या जिवावर दवाखाना चालतो ती आज अर्ज टाकून जाणार, आणि नेमकं आजच हे.

"खरं सांगा धांडे," मी म्हणाले. "सिस्टर जाऊ नयेत म्हणून मुद्दाम केलंत ना हे?"

"असं नका बोलू बाई," ते म्हणाले. मग त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि पावलं दूर गेली.

पावणेतीनला हार उतरला आणि पडद्यावरचा ठिपका हिरवा झाला. मी टाळी वाजवली, शेजारच्या टेबलावरच्यांनीही वाजवली. सिस्टर फोनवर "आलं, आलं" म्हणत होत्या. मी खुर्चीला पाठ टेकली आणि डबा उघडला. पोळीचा पहिला घास तोंडात होता तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, बातम्या उघडतात, क्रिकेटचा स्कोर उघडतो. खात्याची साइट नाही उघडत."

इंटरनेटच्या डब्याशेजारी व्हीपीएनचा दुसरा डबा होता. त्याचा दिवा तांबडा होता. रस्ता सुरू झाला होता, पण बंद गाडी टेंबरूढाण्याला आत घेत नव्हती.

"कॉम्प्युटरवर काय लिहून येतंय?"

"सर्टिफिकेट नॉट येट व्हॅलिड."

माझ्या कानांनी त्यातलं 'व्हॅलिड नाही' एवढंच घेतलं. ओळखपत्राची मुदत संपली असणार असं मी धरून चालले. कागदपत्रांत पाहिलं तर मुदत दोन हजार चौदापर्यंत होती. मग पासवर्ड चुकत असेल म्हणून तो तीनदा टाकायला लावला. मग खात्याच्या मदत कक्षाला फोन केला, तिथे कोणी उचलेना, तेही बहुधा आपापल्या यंत्रांना नारळ फोडत असावेत. कुरेशीसर माझ्या मागे येऊन उभे राहिले. ते असे स्वतः उठून येतात तेव्हा गोष्ट अवघड असते, एवढं मला ठाऊक होतं. चार वाजले. सव्वाचार झाले. सिस्टर आता प्रत्येक वाक्यानंतर नुसत्या "हं" म्हणत होत्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "नाही झालं तर नाही झालं. तुम्ही खूप केलं."

मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचा रागही येत होता.

मग मागून धांडेंचा आवाज आला. दुपारपासून ते फोनजवळ फिरकले नव्हते. सिस्टरांनी त्यांच्याकडे रिसीव्हर दिला.

"बाई, मी बोलू काय?"

"बोला."

"या दुसऱ्या डब्याले हातभर काच हाये... हातभर नाई, बोटभर. त्याच्यावर मी सकायी कुंकू लावलं होतं. तुमी रागावल्या म्हनून आता पुसून टाकलं. तं खाली तारीख निंघाली."

"कुठली तारीख?"

"एक जानेवारी दोन हजार. हे बरोबर हाये काय?"

त्यांनी तारीख सावकाश पुन्हा सांगितली.

सगळं एकदम समजलं. त्या डब्यात घड्याळ चालवायला एक गोल सेल असतो, बटणाएवढा. तो कधीच मेलेला असणार. पण डबा तीन वर्षांत एकदाही बंद झाला नव्हता, म्हणून कोणाला कळलं नव्हतं. आज पहिल्यांदा त्याला आराम मिळाला आणि उठल्यावर तो अकरा वर्षं मागे जाऊन बसला. ओळखपत्र दोन हजार नऊपासून पुढचं. दोन हजार सालात बसलेल्या डब्याला ते दाखवलं तर तो बिचारा बरोबरच सांगत होता, की हे ओळखपत्र अजून सुरू झालेलं नाही. 'नॉट येट' मी ऐकलंच नव्हतं. आणि खरी तारीख त्यानं विचारायची तर खात्याच्या घड्याळाला, आणि ते घड्याळ होतं त्या बंद गाडीच्या आत.

"धांडेकाका," मी म्हणाले. काका हा शब्द त्या दिवसात पहिल्यांदा माझ्या तोंडून आला. "चुकीचं आहे ते. तेवढंच चुकीचं आहे. सिस्टरांना द्या फोन."

फोनची वायर ताणून ताणून सिस्टरांनी आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आणली. त्या ऐकायच्या आणि सांगायच्या, आणि कॉम्प्युटरसमोर बसून एका बोटानं टाइप करत होते धांडेकाका. मी डब्याच्या पत्त्याचे आकडे सांगितले, त्यांनी ते दोनदा वाचून दाखवले. डब्याचं पान उघडलं. तारखेची जागा सापडली.

"पाच ऑक्टोबर दोन हजार अकरा," मी म्हणाले.

"पाच. ऑक्टोबर. दोन हजार अकरा," दुरून काकांचा आवाज आला. "आता काय दाबू?"

"खालचं निळं."

चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी व्हीपीएनचा दिवा हिरवा झाला. खात्याची साइट उघडायला तीन मिनिटं लागली. स्कॅन केलेला कागद चढायला लागला, आणि उपग्रहावरून कागद चढणं म्हणजे काय ते ज्यानं पाहिलंय त्यालाच माहीत. काका टक्के मोजत होते.

"अठ्ठावीस. तीस. तीस. तीसच हाये बाई."

"हात लावू नका. बघत राहा."

"एक्केचाळीस. बासष्ट. बासष्ट."

माझ्यामागे आता कुरेशीसर आणि आणखी चौघं उभे होते. कोणी हलत नव्हतं. पंचाऐंशी झाले, मग एकदम शंभर.

"'अर्ज स्वीकारला' असं लिहून आलं," काका म्हणाले. "हिरव्या अक्षरात."

चार त्रेपन्न. सिस्टर फोनवर रडल्या की हसल्या ते मला सांगता येणार नाही, मीही तेच करत होते. कुरेशीसरांनी पेढा माझ्या तोंडातच कोंबला.

"अभिनंदन," मी तोंडभर पेढ्यासकट म्हणाले. "कधी निघणार मग?"

"कोण?"

"तुम्ही. अकोल्याला."

"मी कुठं जाते?" सिस्टर म्हणाल्या. "प्रफुल्ल, आमचे मिस्टर, येऊन राहिलेत इथं. पूर्वाला घेऊन."

मी पेढा गिळला. "तिकडे?"

"इथली लॅबवाल्याची जागा सहा वर्षांपासून रिकामी आहे. कोणी मागतच नाही. रक्त काढून बसनं धारणीला पाठवतो आम्ही, रिपोर्ट पाचव्या दिवशी येतो. तोवर ताप तरी जातो नाही तर... एवढ्या सहा वर्षांत इकडे येतो म्हणणारे हे पहिलेच. दोघांचे अर्ज जुळले की ऑर्डर निघते, फक्त आज जायला पाहिजे होता. मी काही फार मोठं करून नाही राहिले हो. पहिल्या वर्षी मी पण बदलीचेच दिवस मोजत होते. मग इथल्या बायका माझी वाट पाहायला लागल्या, आणि मोजायचं राहूनच गेलं."

माझ्या मनात एक गोष्ट सावकाश वर येत होती. "सिस्टर, ती शेजारची क्वाटर..."

"आमचीच. धांडेकाका आठ दिवसांपासून लागलेत. माझी एक खोली आहे, तिघांना कशी पुरेल? मागच्या मोहाच्या झाडाला झोकाही बांधून झाला त्यांचा. पूर्वा यायच्या आधीच." त्या हसल्या. "अर्ज गेला का, अर्ज गेला का, माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त घाई. आजची पूजा तर त्यासाठीच केली म्हणे, जोरदार. एरवी एकपदरी हार असतो, आणि बंद काही करत नाहीत."

मला लाज वाटली. नुसती नाही, कानापर्यंत वाटली. दुपारी मी काय बोलले होते ते काकांनी सिस्टरांना सांगितलंही नव्हतं, हे सिस्टरांच्या बोलण्यावरून उघड होतं.

"काकांना द्या जरा," मी म्हणाले.

"बोला बाई."

"काका, मी मघाशी जे बोलले ते... मी चुकले. माफ करा मला."

"जाऊ द्या. तुमचा राग कामाचा होता." मग ते म्हणाले, "पन एक सांगा. पूजा कराची का नाई कराची?"

मी कुरेशीसरांकडे पाहिलं. त्यांच्या शर्टाला झेंडूची पाकळी चिकटलेली होती. "करा की," मी म्हणाले. "आम्हीही केली. पण सोंडेला काही बांधू नका. हार खालच्या खांबाला घाला. आणि डबे बंद करू नका."

"मंग त्याईले आराम?"

"त्यांचा आराम मी इथून बघते," मी सांगितलं. ते त्यांना पटलं असावं.

दसरा झाल्यावर मी काचेखालच्या कागदावर पंधरावा प्रश्न लिहिला: 'आज तुमच्याकडे काय आहे?' कुरेशीसरांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या टेबलांवर पंधरा प्रश्नांचा कागद आला. त्या एका प्रश्नानं पुढे किती बिघाड सापडले ते सांगत बसले तर दुसरी गोष्ट होईल. छत्रीत कुरडया वाळत घातलेल्या सापडल्या, लग्नाच्या मांडवाची पताका सापडली, एका वनरक्षकाचं नवं घोंगडंही सापडलं.

टेंबरूढाण्याच्या डब्यात महिनाभरानं नवा सेल बसला. मग वर्षभर तिकडून तक्रार आली नाही, आणि मीही चौकशी केली नाही. खरं तर धीर झाला नाही. ऑर्डर निघाली नसेल तर, असं वाटायचं.

पुढच्या खंडेनवमीला सकाळी आठला मी नुकती येऊन बसले होते. फोन वाजला.

"बाई, धांडे बोलतो. पूजा मांडली हाये. म्हटलं विचारून घ्यावं."

"मांडा की काका. काही बंद केलं नाही ना?"

"काईच नाई. हार खांबाले बांधला, तिपदरीच हाये. सोंडीले फक्त हात जोडले. ते चालते ना?"

"ते चालतं."

"मंग थांबा, इथी एक जन फोन मांगून राह्यली."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग रिसीव्हरच्या अगदी जवळून कोणाचा तरी श्वास ऐकू आला.

"हॅलो," मी म्हणाले. "कोण बोलतंय?"

"पूर्वा."

पडद्यावर टेंबरूढाण्याचा ठिपका हिरवा होता. मी लहान मुलांना सगळे विचारतात तेच विचारलं. "आई कुठं आहे गं तुझी?"

"ही काय, इथं," ती म्हणाली. "फोनमध्ये तर तू आहेस."